तुम्ही आधी विचारलेत: सांगलीच्या एका डीटीपीवाल्या दादांना

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव कुठेही छापायचे नाही, ही तुमची अट मी पाळते आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि निवडणुकीची पत्रके जुळवण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाला असे उघडे पत्र कितपत रुचेल याची मला शंका आहे. तरीही खासगी पत्राने माझे समाधान होणार नव्हते. मी फार वर्षे इंटरनेटवर मराठीत लिहीत आले आहे. एवढ्या काळात ज्यांनी माझे लेखन ठेवून घेतले, लोकांपुढे मांडले, मागे सारले आणि शेवटी पुसून टाकले, त्यांपैकी एकानेही मला कधी काही विचारले नाही. तुम्ही विचारलेत, आणि हे चारचौघांत सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

लिहायला लागले ती मस्कतला असताना. मराठी पुस्तक सुट्टीत घरी आले तरच हाती लागायचे, बोलायला मराठी माणूस भेटायचा तो शुक्रवारी, आणि त्याच सुमारास फुकट जागा देणारी संकेतस्थळे निघाली होती. जिओसिटीजने हा पायंडा पाडला आणि मग अनेकांनी तो गिरवला. ती पाने आज पाहिली तर हसू येईल: जांभळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे, कोपऱ्यात भेट देणाऱ्यांची संख्या मोजणारा आकडा, तळाशी अभिप्रायाची वही, आणि ‘काम चालू आहे’ अशी पाटी, जी वर्षानुवर्षे तशीच राहायची. पण प्रत्येक पान वेगळे होते, कारण ते ज्याने त्याने स्वतः मांडलेले होते. ज्यांच्या लेखनाचे पाकीट कोणत्याही संपादकाने फोडले नसते, अशा माझ्यासारख्या कित्येकांना त्या फुकट जागेने लिहिते केले. या उपकाराची मला जाणीव आहे, आणि पुढे जी तक्रार मी करणार आहे ती ही जाणीव ठेवूनच.

मराठीची अडचण निराळी होती. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठी ठरवलेल्या संगणकाच्या सामायिक संकेतांत, देवनागरी १९९१ पासूनच होती, पण घरोघरच्या संगणकांपर्यंत ती पोहोचायला जवळजवळ दशक गेले. तोवर आम्ही शिवाजी, किरण असे फाँट वापरायचो. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणे बसवलेली असायची आणि वाचणाऱ्याने तोच फाँट उतरवून घेतला नाही, तर त्याला नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. आपले लेखन कोण वाचते आहे हे तेव्हा आम्हाला कळत नसे. इतके कष्ट घेऊन जो वाचतो तो मनापासूनच वाचत असणार, एवढे मात्र कळे.

पुढे व्हायचे तेच झाले. मला जागा देणारी कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, दुसरीने ती सेवा गुंडाळली, आणि तसे कळवणारी ईमेल माझ्या यजमानांच्या नोकरीबरोबर बंद पडलेल्या पत्त्यावर गेली. मी एकटीच अशी होते असे नाही. जपान वगळता सगळीकडचे जिओसिटीज २००९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाले, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी गेले, गूगल प्लस २ एप्रिल २०१९ रोजी. आणि २०१५ पर्यंतच्या बारा वर्षांत लोकांनी चढवलेली गाणी सर्व्हर हलवताना नाहीशी झाल्याचे मायस्पेस या संकेतस्थळाने २०१९ मध्येच मान्य केले. प्रत्येक वेळी जे गेले ते त्या कंपनीने निर्माण केलेले नव्हते.

माझी पाने पूर्णपणे गेली नाहीत, याचे श्रेय सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्हला आहे. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली ही संस्था जगभरची पाने टिपून ठेवते आणि तिच्या वेबॅक मशीनमध्ये माझ्या भाच्याला माझी बरीचशी पाने सापडली. मात्र तिथे जपून राहिली होती ती खिचडीच, कारण फाँट कुठेच नव्हता. मी एका मोठ्या शहरातील अंकीकरण करणाऱ्या संस्थेकडे ती पाने सोपवली. त्यांनी आगाऊ रक्कम घेतली, झोकदार आवरणात सादरीकरण पाठवले, आणि त्यानंतर जो मजकूर दिला त्यात पहिल्या वेलांट्या शेजारच्या अक्षरांना जाऊन चिकटल्या होत्या आणि रफार भलत्याच डोक्यांवर जाऊन बसले होते. हे दाखवून दिल्यावर ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असे उत्तर आले. ते यंत्राने पाठवले होते हे मला ठाऊक आहे. त्यांच्याकडे एखादा माणूस असता, तर त्यानेही वेगळे काही लिहिले असते असे वाटत नाही.

मग ते काम तुमच्याकडे आले. तुम्ही त्या पानांचा छापलेला कागद हातात धरलात, डोळ्यांपासून थोडा लांब नेलात आणि फाँटचे नाव सांगितलेत. ज्या अक्षरांपुढे त्या संस्थेचे अभियंते थकले, ती तुम्ही मराठी वाचावी तशी वाचत होता. पुढचे सगळे कसे केलेत ते मी इथे लिहीत नाही. मला ते पुरते कळलेलेही नाही, आणि या पत्राचे कारणही ते नाही.

कारण आहे तो तुमचा संध्याकाळचा फोन. “ताई, हे आईचं लिहिलेलं दिसतंय. चार ओळी वाचल्या आणि थांबलो. घरातलं आहे. पुढं वाचू का? का न वाचताच मशीनवरनं काढून देऊ? थोड्या चुका राहतील मग, एवढंच.”

दादा, आईच्या शेवटच्या आजारपणावरचा तो लेख एके काळी जगात कुणालाही उघडता येत होता. तुम्हाला तो वाचायला मीच दिला होता. विचारण्याची तुम्हाला कसलीही गरज नव्हती, आणि न वाचता काम केल्याने तुमच्याच कामात चुका राहणार होत्या, ज्या तुमच्यासारख्या माणसाला सहन होत नाहीत. तरीही तुम्ही थांबलात, कारण मी तो लेख लिहिला तेव्हा तो अनोळखी वाचकांसाठी होता आणि आता इतक्या वर्षांनी तो एका ओळखीच्या माणसापुढे उघडणार होता. हा फरक मला स्वतःला सुचला नव्हता. मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी “वाचा” म्हणून कळवले. त्यानंतर तुम्ही एकच प्रश्न विचारलात, तो एका ओळीत तुटलेल्या औषधाच्या नावाबद्दल. मजकुराबद्दल अवाक्षर काढले नाहीत. तेही मला फार मोलाचे वाटले.

आता तुलना करायची नाही म्हटले तरी होते. नव्या प्रत्येक मंचावर शिरताना मी ‘मला मान्य आहे’ हे बटण दाबले आहे. ते दाबल्याखेरीज आत जाताच येत नाही, त्यामुळे त्याला विचारणे म्हणवत नाही. तिथे माझ्या लेखाशेजारी कोणती जाहिरात लागेल, तो कुणाला दिसेल आणि कुणाला दिसणार नाही, हे कुणीतरी दुसरेच ठरवते. लेखाच्या पहिल्या काही ओळींनंतर ‘आणखी वाचा’ येते, म्हणून चांगले चांगले लिहिणारेही आता त्या ओळींत गळ टाकून बसायला शिकले आहेत. ज्या निबंधाला हळूहळू वर चढायचे असते, त्याला तिथे जागाच उरलेली नाही. आणि व्हॉट्सॲपवर लेख पोहोचला की त्याखालचे नाव गळून पडते, किंवा त्या जागी एखाद्या दिवंगत विनोदी लेखकाचे नाव येते. माझ्या एका लेखाला असा मान मिळाला आहे. तो मला पाठवणाऱ्या बाईंनी वर लिहिले होते, ‘जरूर वाचा, असे लिहिणारे आता राहिले नाहीत.’

तुमच्या धंद्यातली माणसे अशी का असतात, याचा मी पुष्कळ विचार केला. गावातल्या छापखान्यात कोणाच्या घरी काय चालले आहे ते इतरांच्या आधी कळते. मोडलेल्या लग्नाची पत्रिका रद्द करायला येणारा बाप तुमच्यासमोर उभा राहतो, उत्तरकार्याच्या कार्डावर कोणत्या भावाचे नाव घालायचे नाही ते तुम्हालाच सांगितले जाते. हे सगळे तुम्ही जुळवता, तपासता, छापता आणि तिथेच सोडता. त्यासाठी कुणी तुमच्याकडून करार लिहून घेत नाही. मोठमोठ्या कंपन्यांनी खासगीपणावर जी लांबलचक धोरणे लिहून ठेवली आहेत, त्यांच्यातून जे साधत नाही ते एखाद्या गल्लीतल्या दोन संगणकांच्या दुकानात रोज साधते. यात मी छापखान्यांचे उदात्तीकरण करते आहे असे कुणी म्हणेल, म्हणोत. पैसे थकवणाऱ्या उमेदवाराची पत्रके अडवून ठेवणारे दुकानदारही मला माहीत आहेत, आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

जिओसिटीज बंद होत असताना आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी जमतील तेवढी पाने उतरवून घेतली आणि पुढच्या वर्षी सर्वांसाठी खुली केली. त्यांनी कुणाला विचारले नव्हते, आणि विचारत बसले असते तर काहीच वाचले नसते, हे मला मान्य आहे. आग लागल्यावर सामान बाहेर काढणारा दार वाजवत बसत नाही. पण ते सामान नंतर ज्याचे त्याच्या हाती देताना तरी विचारणारा कुणी लागतो, आणि माझ्या वाट्याला ते तुम्ही आलात.

सगळे लेख आता मी स्वतः पैसे भरून घेतलेल्या जागेवर ठेवले आहेत. आईवरचा लेखही तिथे आहे, त्याच्या जुन्या तारखेसह. साध्या मजकुराच्या प्रती भाच्याकडे आणि धाकट्या बहिणीकडे दिल्या आहेत. मुखपृष्ठावर जांभळा रंग घ्यावा असा भाच्याचा आग्रह होता, तो मी मोडून काढला.

राहता राहिले तुमचे बिल. दोनदा विचारले, दोनदा तुम्ही “बघू की, अहवालांचं काम उरकू दे” म्हणालात. अहवालांचा हंगाम संपून गेला आहे. पानाला जो दर तुम्ही पतसंस्थांना लावता तोच मला लावा, औषधाच्या नावासाठी केलेल्या फोनचेही त्यात धरा, आणि या आठवड्यात बिल पाठवा; नाहीतर मी सांगलीला येऊन दुकानात बसेन आणि घेतल्याशिवाय उठणार नाही.

आपली नम्र,
तुमची मस्कतवाली ताई