सेमिनरीच्या लायब्ररीतलं मराठी सगळ्यांना वाचायला मिळू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानंतर तुमच्या आणि बाकीच्याही पेपरांत शिलालेख, ताम्रपट, महानुभावांच्या पोथ्या यांच्यावर भरपूर छापून आलं आणि ते यायलाच हवं होतं. पण जुनं मराठी जिथे कपाटांत पडून आहे अशा एका जागेचं नाव मला त्यात कुठेच दिसलं नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. ती जागा म्हणजे ख्रिस्ती सेमिनरींच्या लायब्ऱ्या, जिथे पाद्री, फादर आणि धर्मशास्त्र शिकवणारे लोक तयार होतात तिथल्या.

पुण्यात राहणाऱ्यांनासुद्धा हे माहीत नसतं की बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, ती १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ ला पुण्यात आली. नगर रोडला रामवाडीत पेपल सेमिनरी आहे, ती तर १८९३ ला श्रीलंकेत कँडीला सुरू झालेली, १९५५ ला इकडे आणली, आणि तिला लागूनच ज्ञानदीप विद्यापीठ आहे. गोव्यात रायतूरला, ज्याला बरेच जण राशोल म्हणतात, तिथली सेमिनरी आहे. महाराष्ट्राबाहेर बंगळूरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आहे १९१० चं, आणि त्याहून जुनं म्हणजे श्रीरामपूर, आमच्या नगर जिल्ह्यातलं नाही, बंगालमधलं हुगळीकाठचं, तिथलं कॉलेज १८१८ चं. या सगळ्या ठिकाणी लायब्ररी हीच खरी संस्था असते असं माझं मत आहे, कारण तिथे शिकणाऱ्या मुलांचं अर्धं आयुष्य रीडिंग रूममध्येच जातं.

लोकांना वाटतं तिथे फक्त बायबल आणि प्रार्थनेची पुस्तकं असणार. तसं अजिबात नाही. बायबल, त्यावरची भाष्यं, ग्रीक-हिब्रूचे कोश हे असतंच, पण पुस्तकं विषयवार लावायच्या ड्यूईच्या नंबरांप्रमाणे २९० च्या पुढे गेलात की बाकीचे धर्म सुरू होतात आणि २९४ पाशी बौद्ध, जैन, हिंदू, म्हणजे ज्ञानेश्वर, तुकाराम, संतचरित्रकार महिपती इथवर सगळं येतं, कारण इथे शिकणाऱ्याला आपल्या मातीतला धर्मविचार समजून घ्यावाच लागतो. मिशनऱ्यांचे रिपोर्ट, गावागावातल्या शाळा-दवाखान्यांच्या नोंदी, दुष्काळाची वर्णनं, व्याकरणं, कोश, जुनी मासिकं हेही तिथलंच मटेरियल. आणि मुलांनी पदवीसाठी लिहिलेले प्रबंध असतात, बाहेर कधीच न छापलेले, ज्यांच्याकडे मराठीचा अभ्यास करणारं कुणी फिरकत नाही. पीएचडीवाली मुलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जातात, एशियाटिकमध्ये जातात, भारत इतिहास संशोधक मंडळात जातात, सेमिनरीत जात नाहीत.

आता कुणी म्हणेल की हे ख्रिस्ती लोकांचं आहे, आम्हाला काय त्याचं. तर मुक्ता साळवेचं उदाहरण घ्या. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली चौदा वर्षांची मुलगी, तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध आज स्त्रीवादी आणि दलित साहित्याच्या कितीतरी अभ्यासक्रमांत आहे. तो छापला कुठे गेला तर ज्ञानोदयमध्ये, १८५५ साली. आणि ज्ञानोदय म्हणजे अमेरिकन मराठी मिशनने १८४२ ला आमच्या नगरमध्ये काढलेलं नियतकालिक. ते अंक मिशनवाल्यांनी आणि त्यांच्या लायब्ऱ्यांनी सांभाळले नसते तर मुक्ताचं एक अक्षर आपल्या हाती लागलं असतं का? त्या फायलींमध्ये अजून किती मुक्ता असतील, कुणी पान उलटून बघितलंय?

कोशांचं घ्या. विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याने बंगालमधल्या त्या श्रीरामपूरला बसून १८०५ ला मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० ला मराठी-इंग्रजी कोश, तोही मोडीच्या टाइपात, आणि त्या कामात त्याच्या जोडीला वैजनाथ शर्मा नावाचे मराठी पंडित होते ज्यांचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं. त्या छापखान्याला मार्च १८१२ मध्ये आग लागली, टाइप वितळले, हस्तलिखितं जळाली. जे राहिलं ते ज्यांनी कपाटात जपलं त्यांच्यामुळे राहिलं.

आणि क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारं मराठी काव्य. गोव्यात आलेल्या इंग्रज फादर थॉमस स्टीफन्सचं, दहा हजारांवर ओव्यांचं, १६१६ ला रायतूरला छापलेलं. सतराव्या शतकात तीनदा छापलं आणि आज त्यातल्या एकाही छापील आवृत्तीची प्रत कुठे असल्याचं माहीत नाही. टिकली ती हाताने उतरवलेली. त्याची देवनागरीतली प्रत लंडनला विल्यम मार्सडेन या इंग्रज अभ्यासकाच्या संग्रहात होती, मार्सडेनने आपली पुस्तकं १८३५ ला किंग्ज कॉलेजला देऊन टाकली होती, आणि ती प्रत ओळखली जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२० च्या दशकात. अ‍ॅबट म्हणजे तेच, अमेरिकन मराठी मिशनमध्ये आयुष्य घालवलेले, महिपतीच्या भक्तविजयाचं इंग्रजी करणारे. म्हणजे ही देवनागरी प्रत जवळपास नव्वद वर्षं लायब्ररीत होती, मराठी जाणणारा माणूस तिथे पोचला तेव्हा ती मराठीला मिळाली. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. लायब्ररीत असणं आणि वाचणाऱ्याला तिथे आहे हे कळणं यात फार अंतर आहे आणि ते अंतर आपल्याकडे अजून तसंच आहे.

ते अंतर कशाने पडतं तेही सांगतो. एका जुन्या संस्थेत (नाव घेत नाही, तिथल्या ग्रंथपालांनी जीव तोडून मदत केली) मराठी पुस्तकांची नोंद कॉम्प्युटरवर रोमन लिपीत केलेली होती आणि तीही प्रत्येक वेळी वेगळ्या स्पेलिंगने, कारण वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी, त्यात बरेच मराठी न येणारे, ती टाईप केलेली. मग सर्च केलं की शून्य रिझल्ट येतो आणि पुस्तक मागच्याच रॅकवर असतं. यावर उपाय महाग नाही. कोहा नावाचं लायब्ररीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जगभर चालतं, त्यात देवनागरी सरळ टाईप होते आणि देवनागरीत शोधताही येतं. हवंय ते मराठी वाचता येणारं, शांतपणे एकेक पुस्तक हातात घेऊन मुखपृष्ठ बघून नोंद करणारं माणूस.

दुसरी गोष्ट कागदाची, आणि तिथे खरंच वेळ कमी आहे. १८३०-४० ची पुस्तकं चिंध्यांपासून केलेल्या कागदावर आहेत, ती बऱ्यापैकी टिकलीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लाकडाच्या लगद्याचा कागद आला, त्यात आम्ल असतं, तो पिवळा पडतो आणि बोट लावलं की तुकडा हातात येतो. म्हणजे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या काळातली मासिकं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं साहित्य, ‘यमुनापर्यटन’ लिहिणाऱ्या बाबा पदमनजींची उतारवयातली पुस्तकं, हे सगळं त्यांच्याआधीच्या पुस्तकांपेक्षा जास्त धोक्यात आहे. वर कसर आणि पावसाळ्यातली ओल. कुणी प्रेमाने सेलोटेप लावलेली पानं तर सगळ्यांत आधी जातात.

स्कॅन करायला कायद्याची अडचण आहे असं म्हणाल तर तीही नाही. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो. बाबा पदमनजी १९०६ ला गेले, ना. वा. टिळक १९१९ ला, पंडिता रमाबाई १९२२ ला, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई १९३६ ला. त्यांचं स्वतःचं लेखन आता सगळ्यांचं आहे.

अमेरिकेत प्रिन्स्टनच्या सेमिनरीने हे करून दाखवलंय. त्यांनी इंटरनेट अर्काइव्हच्या मदतीने एक लाखाहून जास्त पुस्तकं-मासिकं ऑनलाइन टाकलीत, कुणीही, कुठल्याही धर्माचा माणूस, एक पैसा न देता घरी बसून वाचू शकतो. आपला तिथे धागाही आहे, १८५२ ला कोल्हापूरला आलेले अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर पुढे परत जाऊन प्रिन्स्टनलाच राहिले आणि १८७८ ला तिथून मिशनकार्याविषयीचं नियतकालिक काढलं. त्यामुळे कोल्हापूरचा इतिहास कधीकधी कोल्हापूरपेक्षा न्यू जर्सीत लवकर सापडतो, आणि हे मला बरं वाटत नाही.

सेमिनरी खासगी संस्था आहेत, त्यांच्याकडे पैसा मुलांच्या शिक्षणापुरता असतो, लायब्ररीत माणसं कमी असतात, त्यामुळे सगळा भार त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही. अभिजात दर्जाच्या नावाने जो काही निधी येईल त्यातला थोडा मराठी भाषा विभागाने इकडे वळवावा, स्कॅनर आणि दोन माणसं एका लायब्ररीत वर्षभर बसवली तरी केवढं काम होईल. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी एमएच्या मुलांना या लायब्ऱ्यांत एकदा तरी घेऊन जावं. आणि सेमिनरीवाल्यांना विनंती की बाहेरच्या वाचकासाठी नियम काय, ओळखपत्र चालतं की कॉलेजचं पत्र लागतं, फी किती, झेरॉक्स मिळते का, कुठल्या वारी या, एवढं तरी आपल्या वेबसाइटवर मराठीत लिहा. साध्या वाचकाला गेटवरच्या वॉचमनला काय सांगायचं हेच कळत नाही म्हणून तो जात नाही.

तिथे गेलो तर लोक काय म्हणतील असंही अनेकांच्या मनात असतं, मला तोंडावर विचारलंय लोकांनी. अहो, रेव्हरंड टिळक तुकारामाच्या अभंगांतून ख्रिस्तापर्यंत गेले आणि तुकाराम त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, अ‍ॅबटनी संतचरित्रं इंग्रजीत नेली, लोक काय म्हणतील म्हणून ते थांबले नाहीत. मी इतकी वर्षं अशा लायब्ऱ्यांत बसतोय, मला कुणी धर्म विचारला नाही, पुस्तक कुठलं हवंय तेवढंच विचारलं.

संपादक साहेब, तुमच्याकडे एक मागणं आहे. पुण्यातल्या, गोव्यातल्या आणि नगर-मुंबईतल्या अशा लायब्ऱ्यांच्या ग्रंथपालांना तुमच्या रविवार पुरवणीत लिहायला सांगा, त्यांच्याकडे मराठीतलं काय आहे आणि विशेषतः ज्ञानोदयचे कुठल्या सालचे अंक आहेत ते त्यांनी सांगावं. ज्या लायब्ररीला नोंदी देवनागरीत टाईप करून हव्या असतील तिथे दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत यायला आमच्याकडचे काही शिक्षक आणि विद्यार्थी तयार आहेत, राहण्या-जेवणाचा खर्च आमचा आम्ही करू, फक्त बसायला टेबल द्या.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर