भाड्याच्या फ्लॅटचे पूर्ण गणित छापावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवृत्त होताना भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हाती आली की ती दुसऱ्या फ्लॅटमध्ये घालावी आणि भाड्यावर निर्धास्त राहावे, असा सल्ला नातेवाइकांपासून वृत्तपत्रांच्या मालमत्ताविषयक पुरवण्यांपर्यंत सगळीकडून मिळतो. ज्याला राहते घरच नाही, त्याने या पैशातून घर घेतले तर त्याविषयी माझे काहीच म्हणणे नाही. दुसरा फ्लॅट म्हणजे जणू पेन्शनच, ही समजूत मात्र मला घातक वाटते, कारण तिच्यासाठी मांडले जाणारे गणित बहुतेक वेळा अर्धेच असते.

याच पैशासाठी सरकारची ज्येष्ठ नागरिक बचत योजनाही आहे. तिच्यातील ठेवीची मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये ३० लाख रुपये झाली आणि व्याजदर ८.२ टक्के ठरला. त्या दराने पूर्ण रकमेवर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे वर्षाला २ लाख ४६ हजार रुपये मिळतात. तेवढ्याच किमतीच्या फ्लॅटचे भाडे किमतीच्या ३ टक्के धरले, तर वर्षाचे ९० हजार होतात, आणि तेही बाराही महिने भाडेकरू टिकला तर. व्याज करपात्र असते आणि भाड्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, हे मान्य करूनही ही तफावत भरून निघत नाही. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दलाली यांत सुरुवातीलाच गेलेले पैसे तर या हिशेबात धरलेलेच नाहीत.

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार या नात्याने भाड्याने दिलेल्या फ्लॅटांची बिले माझ्या हातून जातात. देखभाल खर्च आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी) यांच्या खाली सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्काची, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलच्या आकारणीची, ओळ येते. लिफ्ट बदलायची किंवा गच्चीची गळती काढायची असे सर्वसाधारण सभेत ठरले, की वर्गणी मालकालाच भरावी लागते. भाडेकरार नोंदवण्याची जबाबदारीही १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने त्याच्यावरच टाकली आहे. पंच्याहत्तरीत ही धावपळ कोण करणार, हे जाहिरातीत कुठेही लिहिलेले नसते.

जागेची किंमत वाढते आणि ठेवीचे मुद्दल आहे तेवढेच राहते, हा फ्लॅटच्या बाजूचा मुद्दा वजनदार आहे. पण ती वाढ विक्री झाल्याशिवाय हाती येत नाही. शस्त्रक्रियेसाठी चार लाख लागले, तर फ्लॅटचा तेवढाच भाग विकता येत नाही. ज्येष्ठ नागरिक योजनेतील खाते मात्र वर्षभरानंतर दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का वजावट सोसून बंद करता येते. २००७ च्या अर्थसंकल्पातून पुढे आलेल्या रिव्हर्स मॉर्गेज योजनेचा, म्हणजे घर बँकेकडे तारण ठेवून तिच्याकडून ठरावीक रक्कम घेत राहण्याचा, आधार घ्यावा म्हटले, तर ती राहत्या घरासाठी आहे, भाड्याने दिलेल्या घरासाठी नव्हे.

म्हणून एक विनंती. आपल्या मालमत्ता पुरवणीतील लेखांत भाड्याच्या परताव्याचा आकडा देताना देखभाल, मालमत्ता कर, दुरुस्ती आणि वर्षातून किमान एक महिना घर रिकामे राहण्याचा काळ वजा करून उरणारी रक्कम छापावी, आणि तिच्या शेजारीच त्या तिमाहीचा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर द्यावा.

आपला,
एक निवृत्त वाचक