काकूंच्या व्यायामाबद्दल

पुणे

प्रिय मंगल,

तुझं पत्र पोचलं. 'आई रिहॅबला जायचं नावच काढत नाही, बायपासनंतर अगदी आळशी झालीय' हे वाचून आधी हसू आलं, मग रागच आला तुझा. रिहॅब म्हणजे हृदयाच्या रुग्णांसाठी आमच्याकडे चालतो तो व्यायामाचा कार्यक्रमच ना! पहाटे पाचला उठून अख्खं घर हलवणारी बाई एकाएकी आळशी कशी होईल गं?

काकांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हाचा थाट आठव. दादा गाडीने आणायचा, तू ठाण्याहून रजा काढून आलेली, घरी काकू बिनतेलाची भाजी करून वाट बघत. मग काकांचा एकही दिवस कसा चुकेल? काकूंनी मात्र सासवडहून एकटीने स्वारगेट गाठायचं, तिथून सिटी बस, आणि परत गेल्यावर कणीक मळायची. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण घरकाम कुठे अर्धं झालंय!

तुमच्या एकट्याच्या घरची ही गोष्ट नाही. आमच्या व्यायामाच्या खोलीत बहुतेक सगळे पेन्शनर पुरुष, पायात बूट. मध्येच एक बाई आल्या. हृदयाचे ठोके बघायला छातीला पट्ट्या चिकटवतात, त्या लावायला समोर तरुण पोरगा, त्यांनी पदर घट्ट धरलेला. निऱ्या खोचून ट्रेडमिलवर चढल्या. 'दम किती लागतोय, सहा ते वीसमध्ये आकडा सांगा' म्हटलं, तर भिंतीवरचा तक्ता इंग्रजीत. दर वेळी एकच उत्तर, 'बरं हाय.' पुन्हा काही आल्या नाहीत. रजिस्टरात शेरा पडला, 'रुग्णाने स्वतःहून सोडले'. त्या शेऱ्याची मला चीड येते. हमाली करणाऱ्यांच्या नावापुढेही तोच असतो. दिवस बुडला की मजुरी बुडते, हे त्यात कुठे लिहितात?

अमेरिकेतही फार वेगळं नाही. तिथे वृद्धांच्या सरकारी विम्यातून रिहॅबचा खर्च मिळतो, तरी २०१६ साली पात्र रुग्णांपैकी शंभरातले २४च गेले. पुरुष २९, बायका १९. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोक त्याहून कमी. आणि व्यायामाच्या या कार्यक्रमांनी हृदयविकाराचे मृत्यू, पुन्हा दाखल होणं कमी होतं, हे तर कधीच सिद्ध झालंय.

काकूंसाठी मला आपल्याकडचा योगा-केअर अभ्यास जास्त जवळचा वाटतो, हृदयाचा झटका येऊन गेलेल्यांना योग शिकवून केलेला. २४ रुग्णालयं, जवळपास चार हजार रुग्ण, बारा आठवडे आसनं आणि श्वसन. मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्यात ठळक फरक दिसला नाही, हे खरं. पण लोकांना बरं वाटलं, ते आपापल्या कामाला परत लागले. शिवाय ट्रेडमिल लागत नाही.

तेव्हा असं कर. शनिवारी सासवडला येतेच आहेस, तर सोमवारी काकूंना घेऊन ये. सहा मिनिटं चालवून बघते, नाडी-बीपी मोजते आणि घरी काय करायचं ते ठरवून देते. पुढे मी फोन करत जाईन, पण काकूंनाच, तुला नाही. सर्जन हो म्हणेपर्यंत पाण्याची कळशी दादाने उचलायची. चालताना छातीत दुखलं किंवा गरगरलं तर लगेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. आणि काकूंची संध्याकाळची फिरायची वेळ झाली की कुकर काकांनी लावायचा. हे तू सांग त्यांना, माझं ते ऐकणार नाहीत.

तुझी,
अनघा

ता. क. डिस्चार्जचे कागद आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी विसरू नकोस. पट्ट्याच्या चपला घालून आणलंस तरी चालेल.