‘तेवढं’ कुणाचं?

मिरज,
रविवार, रात्री

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझी गोष्ट मिळाली. 14 पानं दोनदा वाचली. एकदा नुसता बाप म्हणून, आणि दुसऱ्यांदा लाल पेन घेऊन, टेबलाशी बसून. दुसऱ्या वाचनाला तीन संध्याकाळी लागल्या, म्हणून उत्तराला उशीर झाला.

मागच्या रविवारी तू फोनवर सांगितलंस की ही गोष्ट कॉम्प्युटरला देऊन विचारलंस, हे लिखाण कुणासारखं आहे, आणि त्याने जी. ए. कुलकर्णींचं नाव सांगितलं. तेव्हा तुझा आवाज फुलला होता. गुरुवारी परत फोन केलास तो मात्र वेगळ्याच आवाजात. म्हणालीस, “बाबा, मग त्यात माझं काय?” मला पटकन उत्तर देता आलं नाही. आई म्हणाली, लिहून पाठवा. लिहितोय.

आधी हे सांगतो की ते उत्तर खोटं नाही. तुझ्या पहिल्या पानावर ‘प्रमाणे’ 6 वेळा आलंय. स्वयंपाकघरातला उजेड ‘शापित नगरीतल्या अखेरच्या दिव्याप्रमाणे’ थरथरतो. ताई, त्या स्वयंपाकघरात 40चा पिवळा बल्ब होता, तुझ्या आजीने सोळा वर्षं पुसून पुसून वापरलेला, आणि तो थरथरत नव्हता. जी. ए. वाचल्यावर असं होतं, हे मला माहीत आहे. धारवाडला इंग्रजी शिकवणारा, चारचौघांत न मिसळणारा तो माणूस एकदा डोक्यात शिरला की काही महिने सगळ्या संध्याकाळी त्याच्याच होतात. पण त्यांची उपमा हा दागिना नव्हे. त्यांचा माणूस ज्या फासात अडकत जातो त्याच दोराचा ती एक पीळ असते, काढली तर गोष्ट सुटते. तुझ्या पहिल्या पानावरच्या सहाही उपमा मी पेन्सिलीने कंसात घातल्या आणि त्या वगळून वाचलं. गोष्टीला काही झालं नाही. उलट आजी दिसायला लागली.

आता एक गोष्ट सांगतो, जी तुला आजवर सांगितलेली नाही.

मी सांगलीला कॉलेजात होतो, 1983 साल. ‘कोसला’ ही कादंबरी येऊन तेव्हा 20 वर्षं झाली होती. भालचंद्र नेमाडे यांनी ती पंचविशीत लिहिली, आणि मी विशीत वाचली. दोन रात्रीत वाचली आणि तिसऱ्या दिवसापासून माझ्या प्रत्येक वाक्यात ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ यायला लागलं. माझ्या एकट्याच्या नव्हे, हॉस्टेलच्या अर्ध्या पोरांच्या. आप्पांना पैशासाठी टाकलेल्या पत्रातसुद्धा मी ‘उदाहरणार्थ’ लिहिलं होतं. त्याच भरात एक गोष्ट लिहिली आणि एका मासिकाकडे पाठवली. महिन्याभराने पोस्टकार्ड आलं, एका ओळीचं: ‘ही गोष्ट आम्ही वीस वर्षांपूर्वीच वाचली आहे.’

त्यानंतर मी गोष्ट लिहिली नाही. छापखान्यात लागलो आणि दुसऱ्यांची मुद्रितं, म्हणजे छापण्याआधीची पानं, तपासत राहिलो. त्या कामाने मला खूप दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुझा गुरुवारचा आवाज ऐकला आणि ते कार्ड आठवलं. माळ्यावरची पेटी काढली. कार्डही सापडलं आणि ती गोष्टही.

संपादकांचं बरोबर होतं. गोष्ट उसनी होती. चूक झाली ती माझी. गोष्ट उसनी म्हणजे आपल्याजवळ स्वतःचं काही नाहीच, असं मी समजून बसलो. आता 40 वर्षांनी वाचताना तिसऱ्या पानावर एक परिच्छेद सापडला, हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरचा, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवरचा. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. आतली हवा कोंडलेली असते, ती जाईपर्यंत तोंड उघडं ठेवून हमाल बाजूला विडी ओढत बसतात. आप्पा अडतीत कारकून होते, त्यांच्याबरोबर लहानपणी जाऊन मी हे बघितलेलं. त्या परिच्छेदात एकदाही ‘वगैरे’ नाही. वाक्यं आखूड आहेत, कुणाचीच वाटत नाहीत. 2005च्या पुरात त्या पेवांची दैना झाली. आणि मी त्यांच्यावर लिहिलेलं तेवढं एकच पान. त्या वेळी कुणीतरी त्या परिच्छेदाखाली रेघ ओढून माझ्या हातात दिला असता, तर बरं झालं असतं. तुझ्या बाबतीत ते काम मी करतोय.

छापखान्यात सुरुवातीला आमच्याकडे खिळे होते, एकेका अक्षराचे. जुळारी केसमधून, म्हणजे खणाखणांच्या पेटीतून, एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचे. त्यांना लेखक ओळखायला नाव लागत नसे. एका लेखकाचं पुस्तक आलं की उद्गारचिन्हांचा खण रिकामा व्हायचा, दुसऱ्या एकाच्या वेळी जोडाक्षरं पुरायची नाहीत, शेजारच्या छापखान्यातून मागवावी लागायची. लेखकाला वाटत असतं की आपली शैली आपल्या मोठ्या शब्दांत आहे, उपमेत आहे. जुळाऱ्याला ती खणात दिसते.

पुढे एका प्राध्यापकांच्या शैलीविज्ञानावरच्या पुस्तकाची मुद्रितं माझ्याकडे आली, त्यात हेच वाचायला मिळालं. अमेरिकेत 1787-88 साली नव्या राज्यघटनेच्या बाजूने ‘पब्लियस’ या टोपणनावाने 85 लेख लिहिले गेले. लिहिणारे तिघे होते, हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. पुढे त्यातल्या 12 लेखांवर वाद पडला, हे हॅमिल्टनचे की मॅडिसनचे? अभ्यासकांनी आधी वाक्यांची लांबी मोजली. दोघांचीही सरासरी साडेचौतीस शब्दांच्या आसपास निघाली, काही उपयोग झाला नाही. विषय तोच, शिक्षण तसंच, त्या काळची भारदस्त भाषाही तीच. शेवटी मॉस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1964 साली बारीकसारीक शब्द धरले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत साधारण तीनदा वापरायचा, मॅडिसन क्वचितच. एकजण ‘व्हाइल’ लिहायचा, दुसरा ‘व्हिल्स्ट’. अशा शब्दांवरून बाराही लेख मॅडिसनच्या पदरात पडले. ज्या शब्दांकडे लिहिणाऱ्याचं लक्षही नव्हतं, त्यांनी त्याला ओळखून दिलं.

मराठीत असं मोजणं जास्त किचकट आहे. आपले ‘च’ आणि ‘ही’ शब्दाला चिकटून बसतात, विभक्तीचे प्रत्यय तर वेगळे काढताच येत नाहीत. पण हाताने मोजता येतं. मी मोजलं. तुझ्या 14 पानांत मला एक शब्द 11 वेळा सापडला: ‘तेवढं’. ‘दार तेवढं उघडं होतं.’ ‘तिचे हात तेवढे हलत होते.’ ‘मांजर तेवढं जागं.’ जिथे पुण्यातलं कुणी ‘फक्त’ लिहील तिथे तू ‘तेवढं’ लिहितेस. पहिल्या चार पानांत तो एकदाही नाही. तिथे ‘केवळ’ आहे.

हा शब्द तुझ्यात कुठून आला, ते मी सांगू शकतो. आजी आटपाडीची. “तू तेवढी ये की,” असं म्हणायची, तुला आठवत असेल. “मीठ तेवढं बघ.” “दिवा तेवढा लावून ठेव.” तुझी पहिली सहा वर्षं तिच्या मांडीवर गेली. तो शब्द तू कुठल्या पुस्तकातून उचललेला नाहीस, म्हणून तो मोजेपर्यंत तुला दिसला नाही.

आणखी एक गंमत मुद्रितशोधकाच्या डोळ्यालाच दिसणारी आहे. तुझं निवेदन ‘होते, गेले, वाटले’ असं सुरू होतं. पाचव्या पानावर आजी दार उघडते, आणि तिथपासून ते ‘होतं, गेलं, वाटलं’ होतं. संवादात नव्हे, निवेदनात. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे पात्राच्या तोंडी ‘केलं’ चालतं, बाकी ठिकाणी ‘केले’. त्या हिशेबाने मी पाचव्या पानापासून शेवटपर्यंत सगळे अनुस्वार उडवायला हवे होते. हात उचलला आणि थांबलो. ही चूक नव्हे. आजी आली आणि तुझी जीभ मोकळी झाली. बदलायचीच असतील तर पहिली चार पानं बदल.

आता एक भीती. तू जी. ए. सोडशील आणि आजी माणदेशातली म्हणून व्यंकटेश माडगूळकरांना धरशील. त्यांच्या माडगुळ्याचा आटपाडी तालुका, मेंढरं तीच, माळ तोच. फार सोपं वाटेल. त्यांचं वाक्य नाम आणि क्रियापद एवढ्यावर थांबतं, त्यामुळे नक्कल पटकन जमते. पण ते उत्तम चित्रकारही होते, आणि काय काढायचं नाही हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. आपण त्यांच्यासारखं आखूड वाक्य लिहितो तेव्हा आधी बघितलेलं काहीच नसतं, नुसतं वाक्य आखूड असतं. त्यांना वाच, परत परत वाच, शेजारी ठेवून मोजसुद्धा. त्यांचं एक पान हाताने उतरवून काढ आणि बघ, तुझा हात कुठे अडतो. जिथे अडेल तिथे तू आहेस. मुद्रितं तपासताना मला हे रोज कळत गेलं: ज्या वाक्याशी माझा हात अडायचा, तिथे लेखक माझ्यापेक्षा वेगळा श्वास घेत असायचा.

आमच्या धंद्यातला पहिला माणूस मी एकनाथांना मानतो. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत नकलाकारांनी आणि भक्तांनी आपापल्या ओव्या मिसळल्या होत्या. प्रेमानेच, ज्ञानदेवांसारखं लिहिण्याच्या ओढीने. नाथांनी शके 1506 मध्ये पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावून ठेवलं की जो यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजावं. लहानपणी मला यात नाथांचा राग दिसायचा. आता वाटतं, त्या ओव्या रचणाऱ्यांचीही त्यांना काळजी असेल. आयुष्यभर दुसऱ्याच्या ताटात वाढत राहिले, त्यांची स्वतःची ओवी कुणी ऐकलीच नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचंही मला नेहमी आठवतं. रेव्हरंड टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, त्यांनी घालून दिलेल्या ओवीच्या वाटेने. केवढं काम! पण आज घराघरांत वाचली जातात ती ‘स्मृतिचित्रे’. तिथे त्या घरात बोलतात तशा बोलतात. नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली बाई, आणि मराठी गद्यात तिच्या तोडीचं वाक्य मला फार थोड्यांचं माहीत आहे.

तू विचारलंस, त्यात माझं काय. पान 7 वर खालून चौथी ओळ बघ. तू पेनाने खोडली आहेस, दोनदा रेघ मारून, पण उजेडासमोर धरल्यावर वाचता येते: ‘आजीने दार लावलं नाही, नुसतं लोटलं, येणारा तेवढा येऊ दे म्हणून.’ त्याच्या जागी तू ‘अपेक्षेचे कवाड किलकिले राहिले’ असं लिहिलंयस. आप्पा गेले त्या रात्री आजीने दार असंच लोटून ठेवलं होतं. तू तेव्हा पाच वर्षांची होतीस, झोपली असशील असं आम्ही समजत होतो.

मी ते ‘कवाड’ कापलंय. खोडलेल्या ओळीखाली टिंबं दिली आहेत आणि समासात लिहिलंय, ‘राहू द्या’. बाकीच्या खुणा तुला पटल्या नाहीत तर पुसून टाक, ही एक पुसायच्या आधी मला फोन कर.

पानं उद्या कुरिअरने टाकतोय, मंगळवारी मिळतील. पाकिटात माझंही ते हळदीच्या पेवांचं पान घातलंय. वाचून बघ आणि कुठे अडतेस तिथे खूण कर. आईने मेतकूट वेगळं दिलंय, ते मुंग्यांपासून सांभाळ.

तुझे बाबा