पासिंग प्लेस ही मुक्कामाची जागा नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या हिवाळी कॅम्पर व्हॅन सफरीचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत, लेखकाची हौसही दांडगी. पण लेखाच्या शेवटी एक चौकट आहे. व्हॅन कुठेही लावा, रात्रभर राहा, तिथे कायद्यानेच तसा हक्क आहे आणि थंडीत तर विचारायलाही कुणी येत नाही, अशा अर्थाची. ती वाचून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने डिसेंबरची तिकिटं बघायला घेतली आणि मला फोन केला, म्हणून हे पत्र. लेक ॲबर्डीनला असते. गेल्या जानेवारीत तिच्या आणि जावयाच्या सोबत याच रस्त्यावर मी नऊ दिवस व्हॅनमध्ये काढले आहेत.

आधी कायद्याचं. २००३ च्या स्कॉटिश जमीन सुधारणा कायद्याने माणसाला डोंगर, कुरणं, किनारे यांवरून चालत किंवा सायकलने जाण्याचा आणि तंबू ठोकून रात्र काढण्याचा हक्क दिला, तोही जबाबदारीने वागण्याच्या अटीवर. इंजिनावर चालणारं वाहन त्यातून वगळलेलं आहे. तंबूवाल्याचा हक्क व्हॅनवाल्याला मिळत नाही. मग काही जण १९८८ च्या वाहतूक कायद्यातले ‘१५ यार्ड’ पुढे करतात. रस्त्यापासून तेवढ्या अंतरात, म्हणजे चौदाएक मीटरमध्ये, केवळ उभी करण्यासाठी गाडी बाजूला घेतली तर तो गुन्हा ठरत नाही, इतकंच ते कलम सांगतं. त्याने गाडी लावायचा हक्क मिळत नाही, हेही त्याच कलमात पुढे लिहिलेलं आहे. चौकटीच्या लेखकाने अर्धंच वाचलं असावं. परीक्षेत मुलं करतात तसं.

हा रस्ता म्हणजे ‘नॉर्थ कोस्ट ५००’. इन्व्हरनेसपासून निघून इन्व्हरनेसलाच परत, ५१६ मैल, म्हणजे सुमारे ८३० किलोमीटर. रस्ते जुनेच, नाव मात्र २०१५ सालचं, आणि नाव मिळाल्यापासून गर्दी वाढली. उत्तर किनाऱ्यावरच्या थर्सो गावाच्या पश्चिमेला त्यातला पुष्कळ भाग एकेरी आहे. एकेरी म्हणजे एकाच गाडीच्या रुंदीचा, वाहतूक मात्र दोन्हीकडून. समोरून गाडी आली तर दर थोड्या अंतरावर रस्त्याला पोटासारखा फुगवटा ठेवलेला असतो, तो पासिंग प्लेस. तो आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरायचं. उजव्या हाताला असेल तर आत न शिरता त्याच्या समोर रस्त्यावरच थांबायचं, म्हणजे समोरचा त्यात शिरून निघून जातो. मागून येणारा घाईत असेल तर त्यालाही तिथेच पुढे जाऊ द्यायचं. एकमेकांना हात दाखवायचा. पहिल्या दिवशी जावयाने दोनशे वेळा तरी हात दाखवला असेल.

या फुगवट्यात कुणी चूल मांडून बसलं की काय होतं ते आम्ही टंग नावाच्या गावाच्या अलीकडे पाहिलं. दुपारचे साडेतीन, उजेड सरत आलेला, पासिंग प्लेसमध्ये पडदे ओढलेली एक व्हॅन. समोरून शाळेची मिनीबस आली. तिला पाठीमागे न्यायला जागा नाही, आम्हाला पुढे जायला नाही. शेवटी आम्ही रिव्हर्स घेत गेलो, डाव्या बाजूला चर, खाली पातळ बर्फ. मिनीबसच्या चालकाने आम्हाला हात दाखवला. पडदेवाल्यांकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

हिवाळ्यात विचारायला कुणी येत नाही, या वाक्यात आणखी एक गोष्ट मला खटकली. तो किनारा ओसाड दिसतो हे खरं. पण तो ओसाड केला गेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या उत्तरेकडच्या सदरलंड परगण्याच्या जमीनदारांनी मेंढ्यांसाठी खोरीच्या खोरी रिकामी केली. स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातली घरं १८१४ आणि १८१९ मध्ये खाली करवली गेली. तिथल्या काही लोकांना समुद्राकाठी बेटीहिलला तुकड्या-तुकड्याच्या जमिनी मिळाल्या. गावाचं नावही जमीनदारीणबाईंवरूनच, एलिझाबेथ या नावाचं लाडकं रूप ‘बेटी’. पूर्वेच्या बाजूला हेल्म्सडेल सोडलं की बॅडबे नावाच्या वस्तीचे अवशेष कड्यावर आहेत. वाऱ्याने उडून खाली जाऊ नयेत म्हणून पोरांना आणि गुरांना, गडी कामावर असताना, बांधून ठेवत, असं सांगतात. आम्ही गेलो त्या दिवशीचा वारा अंगावर घेतल्यावर मला ते पटलं. जी माणसं इतकं सोसून किनाऱ्याला टिकली, त्यांच्या दाराशी जाऊन ‘इथे कुणी नाही’ म्हणायचं, हे बरं दिसत नाही.

आता थंडीचं. शाळेत भूगोल शिकवताना मी दरवर्षी सांगायचे, उत्तर अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे स्कॉटलंडचा किनारा त्याच अक्षांशावरच्या कॅनडातल्या लॅब्रॅडॉरसारखा गोठत नाही. ते खरंच आहे. समुद्राकाठी आम्हाला बहुतेक दिवस पारा शून्याच्या वरच दिसला, बर्फ डोंगरमाथ्यावर. पण पुस्तकात वारा नव्हता. रात्री व्हॅन होडीसारखी हलायची. आडवी लावली तर झोप नाही, नाक वाऱ्याकडे करून लावली तर निभतं. दिवस म्हणाल तर पावणेनऊच्या पुढे उजाडायचं आणि चारच्या सुमारास सूर्य मावळायचा. मधल्या वेळातही तो क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर. छतावरचं सौर पॅनल त्या उजेडात नुसतं शोभेचं. व्हॅनमधल्या दिव्यांची आणि हीटरच्या पंख्याची बॅटरी रोज पुरेसं अंतर चाललं तरच भरते, नाहीतर मध्यरात्री डिझेल हीटर बंद पडतो. लेखातल्यासारखा ‘एकाच जागी चार दिवस निवांत’ मुक्काम जानेवारीत करून दाखवावा!

गॅसची गंमत वेगळीच. भाड्याने व्हॅन देणाऱ्यांनी निळा सिलेंडर दिला होता. निळा म्हणजे ब्युटेन. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं. थर्सोजवळच्या पहाटे सिलेंडर अर्धा भरलेला, बर्नर मात्र विझलेला, आणि मी चहाशिवाय. लाल सिलेंडरातलं प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतं. तो एका गॅरेजात मिळाला, पण रेग्युलेटरही बदलावा लागला, आणि भुर्दंड आमच्याच माथी. हिवाळ्यात जाणाऱ्याने गाडी ताब्यात घेतानाच सिलेंडरचा रंग बघावा. चौकटीत हे आलं असतं तर उपयोग झाला असता.

आणि आता ज्याबद्दल प्रवासवर्णनात कुणी लिहीत नाही ते. व्हॅनमध्ये संडास असतो, त्याच्या टाकीत रसायन घालतात, आणि ती टाकी दोन-तीन दिवसांनी रिकामी करावीच लागते. तिथले बरेच कॅम्पसाइट ईस्टरच्या सुमारास उघडतात आणि ऑक्टोबरात बंद होतात. नळ गोठू नयेत म्हणून बाहेरचं पाणी तोडतात, काही सार्वजनिक स्वच्छतागृहांनाही हिवाळाभर कुलूप. गावच्या उघड्या स्वच्छतागृहात टाकी ओतावी तर अनेक ठिकाणी खाली सेप्टिक टँक, आणि आपलं रसायन त्यातले जिवाणू मारून टाकतं. मग ‘कुठेही राहा’वाले ती टाकी कुठे ओततात? चरात. ओढ्यात. आम्ही मुक्कामाच्या जागा आधी फोन करून ठरवल्या, वर्षभर उघडे असलेले कॅम्पसाइट गाठले, त्यासाठी दोन दिवस उलटसुलट फिरलो. महाग पडलं, पण झोप लागली.

डर्नेसजवळ बाल्नाकीलला समुद्राच्या वाळूवर आलेली सपाट गवताळ जमीन आहे. शिंपल्यांचा चुरा वाऱ्याने आत येऊन ती बनते. तिथल्या जुन्या गेलिक भाषेत तिला जे म्हणतात त्याचा उच्चार आपल्या ‘मखर’च्या फार जवळचा आहे. मला ते नाव आवडलं, कारण उन्हाळ्यात ती जमीन फुलांनी भरून जाते. जानेवारीत ती भिजून लोण्यासारखी झालेली असते. तिच्यावर दोन चाकोऱ्या उमटल्या होत्या, ढोपरभर खोल, शेवटी गोल खळगा. कुणाची तरी व्हॅन रुतून ट्रॅक्टरने ओढून काढलेली दिसत होती. गणपतीपुळ्याच्या बाजूला पुळणीवर गाडी घालणारे पाहुणे आम्ही रत्नागिरीकरांनी पुष्कळ पाहिले आहेत. तिथे तोच प्रकार बघून मला, खरं सांगते, घरी आल्यासारखं वाटलं.

लेखकाने बेलाख ना बा या घाटाचीही शिफारस केली आहे. नावाचा अर्थ गुरांचा घाट. समुद्राकाठून ६२६ मीटरवर नेणारा, नागमोडी आणि एकेरी. शिकाऊ चालकांनी, फार मोठ्या गाड्यांनी आणि कॅराव्हॅनवाल्यांनी जाऊ नये, हिमवर्षावाच्या हवेत वाट बहुधा पार करता येत नाही, असा फलक पायथ्याशीच आहे. आम्ही त्या वाटेला गेलोच नाही, उल्लापूलवरून इन्व्हरनेसला परतलो. उत्तरध्रुवीय प्रकाशही दिसला नाही. नऊपैकी सात रात्री ढग होते, उरलेल्या दोन रात्री आम्ही झोपलो होतो.

तर विनंती एवढीच, की त्या चौकटीची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी. व्हॅनला मोकळ्या जागी मुक्कामाचा कायदेशीर हक्क नाही, पासिंग प्लेसमध्ये थांबू नये, आणि ऑक्टोबर ते ईस्टर कोणते कॅम्पसाइट उघडे असतात ते निघण्यापूर्वी विचारून घ्यावं, एवढ्या तीन ओळी पुरेत. माझ्या विद्यार्थ्याने आता मे महिन्याची तिकिटं बघायला घेतली आहेत. डासांसारख्या मिजेस नावाच्या चिलटांबद्दल त्याला अजून सांगायचं आहे.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, रत्नागिरी
(कृपया नाव छापू नये.)