लेकरू फिरायला लागलं की

अंबाजोगाई,
१७ डिसेंबर

प्रिय सुनीता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. जावेला चौथ्या महिन्यातच पोटात लेकरू फिरलेलं कळलं होतं आणि तुला पाचवा लागत आला तरी काहीच कळत नाही, हे वाचून आधी त्याचंच लिहायला बसले. बाकी गप्पा नंतर.

महिन्यांचा हिशोब सोड, आठवड्यांचा धर. तुझी शेवटची पाळी १० ऑगस्टला आली होती. त्या दिवसापासून मोजलं तर आज १८ आठवडे ३ दिवस भरतात. पहिलटकरणीला पहिली हालचाल बहुतेक वेळा १८ ते २० आठवड्यांत कळते. काहींना बाविसावा-तेविसावा आठवडाही उजाडतो. दुसऱ्या खेपेला सोळा-सतराव्यातच कळतं, कारण काय ओळखायचं ते त्या बाईला ठाऊक असतं. तुझ्या जावेचं हे दुसरं होतं, हे विसरू नकोस. लेकरू तसं सात-आठ आठवड्यांचं असल्यापासून हलतच असतं, सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसतंही. पण ते इतकं इवलं असतं आणि भोवती पाणी इतकं असतं की त्याचा धक्का आपल्या पोटापर्यंत पोचत नाही. तेव्हा तुला कळत नाही म्हणजे ते हलत नाही, असं अजिबात धरू नकोस.

आणखी एक गोष्ट बघ. १८ ते २० आठवड्यांत जी मोठी सोनोग्राफी करतात ती तुझी याच आठवड्यात आहे ना? रिपोर्ट हातात आला की त्यात 'प्लॅसेंटा' (म्हणजे वार) या शब्दापुढे काय लिहिलंय ते वाच. 'अँटिरिअर' असेल तर वार पुढच्या बाजूला, म्हणजे लेकरू आणि पोटाची पुढची भिंत यांच्या मधोमध आहे. अशा बाईला हालचाल उशिरा कळते, सुरुवातीला मंद कळते आणि बेंबीसमोर न कळता कुशीला किंवा खाली ओटीपोटाजवळ कळते. यात दोष काही नाही. साधारण २८ आठवड्यांनंतर लेकरू मोठं झालं की हा फरक फारसा राहत नाही. 'पोस्टिरिअर' असेल तर वार पाठीकडे आहे आणि पुढे मोकळं आहे. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना हा एक प्रश्न तोंडाने विचारलास तरी चालेल. वार कुठे आहे हे सांगायला कायद्याची आडकाठी नाही. मुलगा की मुलगी हे मात्र विचारायचं नाही, सांगायचं नाही. उजव्या कुशीला फिरलं तर मुलगा, हे घरात कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. लेकरू कसं आडवं-उभं पडलंय त्यावर ते ठरतं, दुसऱ्या कशावर नाही.

आता पहिली हालचाल ओळखायची कशी. लाथ वगैरे काही नसतं सुरुवातीला. डोळ्याची पापणी आपोआप लवते ना, तसं काहीतरी ओटीपोटात आतून होतं, दोन-तीनदा, आणि थांबतं. बेंबीच्या खालीच लक्ष ठेव, कारण गर्भाशय अजून तेवढंच वर आलंय. फसगत दोन गोष्टींनी होते. एक वायू: तो गुडगुडतो, सरकत जातो, कळ देतो आणि सुटला की मोकळं वाटतं. लेकराची टिचकी त्याच जागी पुन्हा येते आणि दुखत नाही. दुसरी आपलीच नाडी: उताणं पडलं की पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचे ठोके जाणवतात. मनगट धरून बघ. नाडीच्या तालावर ठोका पडत असेल तर तो तुझा आहे, लेकराचा नाही.

बसून वाट बघायची असेल तर दिवेलागणीनंतर बघ. दिवसभर भाकरी-धुणं-पाणी यात बाई उभी असते, चालत असते, आणि तेव्हा हालचाल झाली तरी लक्षात येत नाही. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पड, पाठीमागे एक घडी केलेली वाकळ लाव म्हणजे अंग मागे कलंडणार नाही, तळहात ओटीपोटावर ठेव आणि वीस-पंचवीस मिनिटं मोबाइल दूर ठेव. आज नाही कळलं तर उद्या, परवा. भाऊजींना बाहेरून हात ठेवून कळायला मात्र चोविसावा आठवडा किंवा त्यापुढचा काळ लागेल, तोवर त्यांनी उगाच हिरमुसू नये.

तुझे २४ आठवडे २५ जानेवारीला भरतात. तोवर एकदाही काही कळलं नाही तर त्या आठवड्यात जाऊन ठोके ऐकून घे. आणि एकदा कळायला लागलं, मग दिवसभर थांबल्यासारखं वाटलं, तर चोविसाव्याच्या आधी असलं तरी आरोग्य केंद्रात जाऊन डॉपलरने, म्हणजे ठोके ऐकायच्या यंत्राने, लेकराचे ठोके ऐकवायला सांग. दोन मिनिटांचं काम आहे. इतक्या लवकरच्या दिवसांत हालचाल एक दिवस कळते, दुसऱ्या दिवशी कळत नाही, असं होतं; तरी ठोके ऐकून आलं की जीव भांड्यात पडतो.

खरं महत्त्वाचं पुढचं आहे, म्हणून सावकाश वाच. २२ फेब्रुवारीला तुला २८ आठवडे होतील. तिथपासून लेकराची स्वतःची एक रीत बसते. केव्हा जागं असतं, केव्हा झोपतं, संध्याकाळी किती उलथापालथ करतं, हे तुझं तुला कळायला लागेल. बहुतेक लेकरं दुपारनंतर आणि रात्री जास्त फिरतात. झोपली की वीस ते चाळीस मिनिटं गप्प असतात; सहसा दीड तासाच्या वर सलग गप्प राहत नाहीत. हालचाल बत्तीसाव्या आठवड्यापर्यंत वाढत जाते आणि मग तेवढीच राहते. तऱ्हा बदलते: आधी लाथा आणि उड्या, पुढे जागा कमी पडते म्हणून रेटणं, ताणणं, कोपर किंवा टाच बरगडीखाली सरकवणं. पण संख्या कमी होत नाही. 'नववा लागला की लेकरू जागेवर बसतं, मग कमीच फिरतं' हे गावागावात ऐकायला मिळतं, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती याच वाक्याची वाटते. कारण ते ऐकून बाई घरीच थांबते. बाळंतपणाच्या कळा सुरू होईपर्यंत, आणि कळांमध्येसुद्धा, लेकरू फिरत राहायला हवं.

कमी का होतं तेही समजून घे. वारेतून रक्त आणि प्राणवायू पुरेसा मिळेनासा झाला की लेकरू आहे तेवढी ताकद हृदयासाठी आणि मेंदूसाठी राखतं आणि हातपाय हलवणं कमी करतं. बाईचं बीपी वाढलेलं असेल, साखर वाढलेली असेल, अंगात रक्त कमी असेल, पोटातलं पाणी कमी झालं असेल किंवा लेकराची वाढच खुंटली असेल, तर असं होऊ शकतं. लेकराला त्रास होतोय याची बाहेरून मिळणारी ही पहिली खूण असते, आणि ती फक्त आईलाच कळते. डॉक्टरला नाही, सासूला नाही, मशीनलाही तू तिथे गेल्याशिवाय नाही.

मोजायचं कसं? आपल्याकडे बरेच डॉक्टर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जेवणानंतर एकेक तास मोजायला सांगतात. प्रत्येक तासात निदान तीन हव्यात, आणि बारा तासांत दहाच्या खाली नको, असा तो हिशोब. तुझ्या डॉक्टरांनी हे सांगितलं तर तसंच कर. मला विचारशील तर आकड्यापेक्षा बदल मोठा. ज्या लेकराची रोज संध्याकाळी तासात वीसदा धडपड चालते ते एकदम चारवर आलं, तर चार हा आकडा हिशोबात बसला तरी मी त्याला ठीक म्हणणार नाही.

मोजताना वही-पेन्सिलीची गरज नाही. एका वाटीत दहा चिंचोके घे, शेजारी रिकामी वाटी ठेव. कुशीवर पडून प्रत्येक हालचालीला एक चिंचोका इकडून तिकडे टाक. लाथ, कड पालटणं, सरकणं, ढुशी, सगळं मोजायचं. सलग चाललेली उलथापालथ एकच धर; थांबून पुन्हा सुरू झाली की दुसरा चिंचोका. उचकी मात्र मोजायची नाही. ती ओळखता येते: एकाच जागी, घड्याळासारखी ठरावीक अंतराने बारीक उसळी, पाच-दहा मिनिटं. दहावा चिंचोका पडला तेव्हा किती वेळ झाला ते बघ. बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण तासातच वाटी रिकामी होते. रोज साधारण त्याच वेळी केलंस की आठ-दहा दिवसांत तुझ्या लेकराचा वेळ ठरून जाईल.

ज्या दिवशी शंका येईल त्या दिवशी डाव्या कुशीवर पड आणि दुसरं काही न करता दोन तास तेवढंच बघ. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर उठ आणि दवाखाना गाठ, त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री. एकही कळली नाही तर दोन तास पुरे करत बसू नकोस, आधीच निघ. दहा भरल्या, पण तुझं मन म्हणतंय की हे नेहमीसारखं नाही, तरीही जा. गूळपाणी पी, थंड पाणी पी, गोड खाऊन बघ, असं सांगणारे भेटतील. पाणी खुशाल पी, पण त्याची वाट बघत निघणं लांबवू नकोस. महिन्याच्या ९ तारखेला आरोग्य केंद्रात गरोदर बायांची तपासणी असते हे ठीक आहे. हालचाल कमी झाल्यावर ९ तारखेची वाट बघायची नसते. घरी ठोके ऐकायचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं, तेही घेऊ नकोस. ठोका ऐकू आला म्हणजे लेकरू बरं आहे असं होत नाही, आणि नवख्या कानाला वारेचा किंवा आईचाच आवाज लेकराचा वाटतो. याच्या उलटही एक आहे: नेहमीपेक्षा वेगळी, एकदम पिसाटल्यासारखी धडपड झाली आणि मग शांत झालं, तर तेही त्याच दिवशी दाखवायचं.

दवाखान्यात काय करतील ते सांगते, म्हणजे घाबरणार नाहीस. आधी डॉपलरने ठोके. मिनिटाला ११० ते १६० असावेत. मग एनएसटी: पोटावर दोन पट्टे, एक ठोक्यांचा, एक पोट आवळतं का ते बघणारा. बहुतेक ठिकाणी हातात एक बटण देतात, लेकरू फिरलं की दाबायचं. वीस मिनिटं चालतं. लेकरू झोपलेलं असेल तर चाळीसपर्यंत नेतात. फिरल्यावर ठोके वाढतात का, हे त्यात बघतात. नंतर गरज वाटली तर सोनोग्राफी, पाणी आणि वाढ बघायला. दारातच शब्द नीट सांग: 'माझे इतके आठवडे झालेत, अमुक वाजल्यापासून लेकरू कमी फिरतंय.' नुसतं 'बरं वाटत नाही' म्हटलंस तर ओपीडीच्या रांगेत बसवतील. एकदा सगळं ठीक निघालं आणि आठ दिवसांनी पुन्हा कमी वाटलं, तर पुन्हा जायचं. 'परवाच तर जाऊन आलो' असा संकोच नको. वारंवार कमी होणं हे जास्त लक्ष देण्याचं कारण आहे.

तुझे शेवटचे महिने ऐन उन्हाळ्यात येतात. १७ मे तारीख धरलीय. एप्रिलपासून आपल्याकडे पारा चाळिसाच्या वर जातो, त्यात माहेरी पत्र्याची खोली. दुपारी माळवदाच्या खोलीत झोप, तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी, ताक पीत राहा. अंग कोरडं पडलं की पोट आवळायला लागतं, चक्कर येते, आणि अशा गळलेल्या अवस्थेत लेकराकडे लक्षही राहत नाही. अठ्ठावीस आठवड्यांनंतर उताणं झोपू नकोस, कुशीवर झोप. उताणं पडलं की पोटाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. झोपेत उताणी झालीस तर घाबरायचं नाही, जाग आली की कूस घे. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियमची वेगळ्या वेळी, चहा दोन्हींपासून लांब. आणि तुमच्या घरात मिश्री लावतात ते मला माहीत आहे. मिश्री म्हणजे जाळलेली तंबाखूच. ती हिरडीतून रक्तात जाते आणि लेकराचं वजन घटवते. या नऊ महिन्यांत तरी ती डबी तुझ्या हातात नको.

तुझी नणंद यंदाही साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेलीय आणि तिलाही दिवस आहेत, असं लिहिलंयस. तिला फोन कर. मोळ्या वाहून गाडी भरणाऱ्या बाईला दिवसभर लेकरू कळणारच नाही, म्हणून तिने रात्री कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, अंग टाकलं की झोप लागण्याआधी कुशीवर पडून मोजावं. माता-बाल संरक्षण कार्ड जवळ ठेवावं, तिथल्या आशाताईकडे किंवा उपकेंद्रात नाव घालावं. गाव बदललं तरी तपासणी आणि १०२ ची गाडी तिच्या हक्काची आहे.

तुझंही तेच. फेब्रुवारीच्या शेवटी डोहाळजेवण आटोपून माहेरी औशाला जाशील, तेव्हा सगळे रिपोर्ट, कार्ड आणि रक्तगट लिहिलेला कागद एका पिशवीत घालून ने. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथे नाव घाल. रात्री-अपरात्री लातूर गाठायचं झालं तर कुणाची गाडी, ते आईला आत्ताच विचारून ठेव. १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव, म्हणजे तू घाबरलेली असलीस तरी घरातलं कुणीही लावेल.

सोनोग्राफी झाली की वार कुठे आहे ते कळव.

तुझी,
मंगल