पान्ह्यावर देश नका पाहू, बनवणाऱ्याचं नाव पाहा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आमच्याकडे तालुक्याच्या दुकानात पाना, पक्कड काहीही घ्यायला गेलं की पहिला प्रश्न हाच, भाऊ चायनाचा आहे का इंडियाचा, आणि जर्मनीचा म्हटलं की माणूस भावसुद्धा करत नाही. मला हे अजिबात पटत नाही. औजाराचा दम त्याच्या लोखंडात अन त्याला दिलेल्या पाण्यात, म्हणजे तापवून बुडवायच्या कामात, राहते, देशाच्या नावात नाही.

जर्मनीचंच घ्या ना. 1887 मध्ये इंग्लंडात कायदा झाला की बाहेरच्या मालानं इंग्रजी असल्याची बतावणी करायची नाही, कुठला आहे ते लिहायचं, कारण जर्मनीतल्या झोलिंगेनच्या हलक्या सुऱ्या-कात्र्या तेव्हा सुऱ्यांसाठी नावाजलेल्या इंग्लंडातल्या शेफिल्ड गावाच्या नावाखाली खपायच्या. म्हणजे 'मेड इन जर्मनी' हे गिऱ्हाइकाला सावध करायला होतं! मग तिथल्या कारखानदारांनी माल सुधारला आणि तोच शिक्का मानाचा झाला.

आमच्या गावचे लोहारदादा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची कुऱ्हाड करतात ती एकदा उभं राहून पाहा. लाल झालेली धार पाण्यात बुडवतात, काढून विटेवर घासतात, मग मागच्या गरमीनं धारेकडे रंग सरकत येतो, आधी फिकट पिवळा मग तांबूस मग निळा, पाहिजे तो रंग धारेवर आला की लगेच पुन्हा पाण्यात. थोडं आधी बुडवलं तर धार तुकडे होऊन उडते, उशीर झाला तर बाभळीवर मुडपते. मोठ्या कारखान्यात हेच काम भट्टी अन तेलाच्या टाकीत होते, तिथं घाई केली की क्रोम व्हॅनेडियम नावाच्या भारी पोलादाचा पाना पण वाया जातो, मग कारखाना कुठल्याही देशात असो.

आपल्या जालंधर-लुधियान्याचे पाने परदेशात जातात, नाशिकच्या टपारिया कंपनीची पक्कड इथले वायरमन वर्षानुवर्षे वापरतात. आणि चीनमध्ये एकच कारखाना एका गिऱ्हाइकाला भारी अन दुसऱ्याला एकदम हलका माल करून देऊ शकतो, ज्यानं जेवढा भाव दिला तसा. मग नुसतं चायना म्हणून काय समजणार?

खरी भीती आहे ती बिननावाच्या मालाची. यंदा शेजारच्या वावरात बोअरची मोटर काढताना पाईप पान्ह्याचा जबडा मधूनच तडकला, तुटलेली जागा आतून जाड दाणेदार अन बुडबुड्यांची भोकं, सरळसरळ साच्यात ओतलेला माल, ठोकून घडवलेला नाहीच. वर पाईप धरून उभी असलेली पोरं सावध होती म्हणून पाईप बोअरमध्ये गेला नाही, कोणाच्या पायावरही आला नाही. पान्ह्यावर ना कंपनी ना पत्ता, दुकानदार म्हणे असाच येते, तक्रार करायची कोणाकडे?

वैधमापनाच्या, म्हणजे वजनमापाच्या सरकारी खात्याच्या, 2011 च्या नियमांप्रमाणे पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं, अन बाहेरचा असला तर आयात करणाऱ्याचं, नाव-पत्ता लागतोच. पण आमच्या आठवडी बाजारात औजारं ताडपत्रीवर सुटी ओतलेली राहतात. सुट्या औजारावरही बनवणाऱ्याचं नाव ठोकलेलं असावं असा नियम सरकारनं करावा, आणि तोवर कास्तकार भावांनी बिल मागावं, बिननावाचा पाना स्वस्त असला तरी घेऊ नये. आपल्या पेपरनं हा विषय जरूर लावून धरावा ही विनंती.

आपला,
एक कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ